हाडांना सांगावा कोण धाडतं?



बचत गटांच्या बैठकीत आम्ही सहयोगिनी कर्जाची वही उघडतो, तेव्हा कारणाच्या रकान्यात काही शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. बी-बियाणं, शेळी, पोरांची फी. आणि दवाखाना. दवाखाना म्हणजे नेमकं काय, असं विचारलं की पन्नाशीच्या पुढच्या बायका सांगतात, मनगट मोडलं, पाठीचा मणका दबला, सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि खुबा गेला. खुबा मोडला की ते एकीचं दुखणं राहत नाही. सुनेची मजुरी बुडते, नातीची शाळा बुडते, गटाचा हप्ता थकतो. आणि मग हमखास एक प्रश्न येतो, "ताई, कॅल्शियमच्या गोळ्या तर खाल्ल्या होत्या, मग हाड मोडलंच कसं?"

आज आपण याच प्रश्नाचं उत्तर शोधू. थोडक्यात सांगायचं तर उत्तर असं आहे. कॅल्शियम म्हणजे सिमेंट. दारात सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या म्हणून स्लॅब पडत नाही. सळई बांधावी लागते, गवंडी लागतो, आणि "आज इथं काम आहे, लाग कामाला" असं त्या गवंड्याला सांगणारं कुणीतरी लागतं. आपल्या हाडांतही गवंडी आहेत, आणि त्यांना सांगावा धाडणारेही आहेत. हे सांगावे बहुतेक वेळा प्रथिनांच्या रूपात जातात. प्रथिनं म्हणजे आपण डाळीतून, अंड्यातून खातो तीच वस्तू, पण शरीर त्यातून हजारो वेगवेगळी कामकरी प्रथिनं घडवतं. त्यातली काही चिठ्ठीसारखी असतात. एका पेशीनं सोडायची, दुसऱ्या पेशीनं वाचायची. चिठ्ठी पोचली नाही, किंवा चुकीची पोचली, तर सिमेंट नुसतं पडून राहतं.

आधी हाड म्हणजे काय ते बघू. गटात एक प्रयोग करता येतो. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ धुऊन काचेच्या बरणीत घालावं आणि ते बुडेल इतकं व्हिनेगर ओतावं. चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं तेच पांढरं व्हिनेगर. दोन दिवसांनी ते बदलावं. पाच-सहा दिवसांत हाड रबरासारखं वाकायला लागतं. आंबट पाण्यानं त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस विरघळून गेलं. उरलं ते कोलॅजेन, म्हणजे हाडातली सळई. दुसरं हाड चुलीच्या निखाऱ्यात घाला. ते पांढरंफटक होईल आणि बोटानं दाबलं तरी भुगा होईल. तिथं सळई जळाली, नुसतं सिमेंट राहिलं. नुसती सळई असेल तर हाड वाकतं, नुसतं सिमेंट असेल तर फुटतं. दोन्ही एकत्र असतील तरच ते हाड.

आता एक गोष्ट ऐका. अमेरिकेत लॉस एंजेलिसला मार्शल युरिस्ट नावाचे हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या बरणीसारखंच केलं, ॲसिडमध्ये हाडातलं कॅल्शियम काढून टाकलं. मग तो मऊ राहिलेला तुकडा सशांच्या आणि उंदरांच्या मांसात बसवला. मांसात, हाडात नव्हे. काही आठवड्यांनी बघतात तर त्या जागी, मांसाच्या मधोमध, नवं हाड तयार झालेलं! १९६५ साली त्यांनी हे जगापुढं मांडलं. विचार करा, त्या तुकड्यात कॅल्शियम नव्हतं. मग त्यात होतं काय? त्यात सांगावा होता. कोलॅजेनमध्ये काही प्रथिनं अडकून राहिली होती. त्यांनी आजूबाजूच्या साध्या पेशींना सांगितलं, "तुम्ही आता गवंडी व्हा." त्या गवंडी झाल्या आणि लागणारं कॅल्शियम रक्तातून त्यांनी स्वतः ओढून घेतलं. या प्रथिनांना आज बीएमपी म्हणतात. आपलं मोडलेलं हाड प्लॅस्टरमध्ये सांधतं तेव्हाही हे सांगावे सुटलेले असतात. प्लॅस्टर हाड जोडत नाही, ते फक्त हाडाला जागेवर धरून ठेवतं. जोडतात या पेशी.

आता हाडाच्या आतली माणसं ओळखून घेऊ. तीन आहेत.

पहिला गवंडी. शास्त्रात त्याला ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. तो आधी कोलॅजेनची सळई अंथरतो. ती लगेच घट्ट होत नाही. दहा-पंधरा दिवसांनी तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे बारीक खडे बसायला लागतात, आणि पुढं काही महिने ते बसतच राहतात. नव्या स्लॅबला पाणी मारत बसावं लागतं तसंच. रक्ताच्या रिपोर्टवर 'अल्कलाईन फॉस्फेटेज' असा एक शब्द असतो, तो तुम्ही पाहिला असेल. हे प्रथिन यकृतही बनवतं आणि गवंडीही बनवतो. हाडात कॅल्शियमचे खडे बसू न देणारा एक पदार्थ असतो, पायरोफॉस्फेट. त्याला तोडून खड्यांना वाट मोकळी करून देणं हे या फॉस्फेटेजचं काम. म्हणजे सिमेंट धरायचं की नाही, हेसुद्धा एका प्रथिनाच्या हातात आहे.

दुसरी पाडकाम करणारी टोळी, ऑस्टिओक्लास्ट. ही हाडाच्या जुन्या तुकड्याला चिकटते आणि त्यावर ॲसिड सोडते. आपण बरणीत केलं तेच ती करते. तुम्ही म्हणाल, ही तर चोरच. पण तसं नाही. रोज वापरून हाडाला बारीक तडे जातात. जुनं उकरल्याशिवाय नवं भरता येत नाही. मोठ्या माणसाचा सुमारे दहावा हिस्सा सांगाडा दरवर्षी असा उकरून नव्यानं भरला जातो. फक्त एक मेख आहे. एक जागा उकरायला दोन-चार आठवडे पुरतात, भरायला चार-सहा महिने लागतात. पाडणं झटपट, बांधणं सावकाश. घराचं जे तेच हाडाचं.

तिसरा मुकादम, ऑस्टिओसाइट. हा मूळचा गवंडीच. बांधता बांधता भिंतीत चिणला गेला आणि तिथंच राहिला. हाडातल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त पेशी या मुकादमांच्याच असतात. बारीक बारीक हात पसरून ते एकमेकांना धरून असतात. हाडावर भार कुठं पडला, तडा कुठं गेला, हे त्यांना आधी कळतं. कामाचे बरेचसे सांगावे तेच धाडतात.

या मुकादमाचा एक महत्त्वाचा सांगावा म्हणजे स्क्लेरोस्टिन. त्याचा अर्थ "बांधकाम थांबवा". दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या काही कुटुंबांत एक दुर्मिळ आजार आहे. त्या माणसांची हाडं इतकी दाट असतात की सहसा मोडत नाहीत. २००१ साली कारण सापडलं. त्यांच्या अंगात स्क्लेरोस्टिन बनतच नाही. म्हणजे "थांबा" म्हणणारं कुणी नाही, गवंडी बांधतच राहतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्यांची कवटीसुद्धा वाढत जाते, आतल्या नसा दाबल्या जातात, तोंड वाकडं होतं, ऐकू येईनासं होतं. म्हणून "थांब" हा सांगावाही लागतो. वेळेवर "बांध" आणि वेळेवर "थांब", यातच हाडाचं आरोग्य आहे.

मग मुकादम "थांबा" म्हणणं कमी कधी करतो? हाडावर भार आला की. आपण चाललो, उडी मारली, जिना चढलो की हाड केसभर वाकतं, मुकादमाला ते जाणवतं, तो स्क्लेरोस्टिन कमी सोडतो आणि गवंडी कामाला लागतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडं विरळ होतात ती याच्या उलट घडल्यामुळं. अंतराळात वजनच नसतं, तिथं अंतराळवीरांच्या कमरेच्या आणि मांडीच्या हाडातला शेकडा एक ते दीड हिस्सा दर महिन्याला कमी होतो.

आता बैठकीत बायका विचारतात, आणि विचारायलाच पाहिजे, "आम्ही तर दिवसभर राबतो. घागरी वाहतो, मोळ्या उचलतो. मग आमची हाडं लोखंडाची का नाहीत?" याला दोन कारणं आहेत. एक, मुकादमाला थोडा वेळ पडणारा, मधे विसावा असलेला, वेगवेगळ्या दिशेनं येणारा भार चांगला कळतो. तेच ओझं, त्याच वाकलेल्या पाठीवर, तासन् तास असेल तर त्याला त्याची सवय होते. मग थकवा वाढतो, हाड तितकं वाढत नाही. दोन, सांगावा गेला तरी माल पाहिजे. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या भाकरी-चटणीवर जेवणाऱ्या बाईच्या हाडात सळईला प्रथिन नाही आणि सिमेंटला कॅल्शियम नाही. गवंडी आला आणि बसून परत गेला, अशी गत होते.

पुढचा सांगावा बायकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून नीट ऐका. पाडकामाच्या टोळीला बोलावणं धाडणारं एक प्रथिन आहे, रँकल. गवंडी आणि मुकादमच ते सोडतात. "या, इथं उकरा" असा त्याचा अर्थ. पण त्याच पेशी आणखी एक प्रथिन सोडतात, ओपीजी. ते रँकलला वाटेतच गाठतं आणि धरून ठेवतं. बोलावणं निघालं, पण पोचलंच नाही. १९९७ साली हे ओपीजी सापडलं, त्याच्या पूर्ण नावाचा अर्थच हाडांचा राखणदार असा आहे. रँकल किती आणि ओपीजी किती, या तोलावर हाड टिकतं की झिजतं ते ठरतं.

हा तोल बाईच्या अंगात कोण राखतं? इस्ट्रोजेन. हे प्रथिन नाही, ते अंडाशयातून येणारं संप्रेरक आहे, म्हणजे रक्तातून लांबवर जाणारा निरोप. इस्ट्रोजेन आहे तोवर रँकल आटोक्यात राहतं आणि ओपीजीला बळ मिळतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, रँकलचा जोर होतो, टोळ्यांवर टोळ्या येतात, आणि चार-सहा महिने लावून भरणारा गवंडी मागं पडतो. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही जणींचं पाचव्या हिश्शापर्यंत हाड जातं. दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत जातं. बाईला कळतं ते हात मोडल्यावर किंवा पोक आल्यावर.

हे पन्नाशीत घडलं तर निसर्ग म्हणू. पण तिशी-पस्तिशीत घडलं तर? आपल्याकडं 'पिशवी काढली' हे वाक्य किती सहज ऐकू येतं, तुम्हाला माहीत आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्यांचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हाच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कुणाला कॅन्सरची भीती घातलेली, कुणाला पाळीत उचल बुडते म्हणून, खाडा परवडत नाही म्हणून.

इथं एक फरक समजून घेऊ. गर्भपिशवी वेगळी, अंडाशय वेगळे. पिशवी काढून अंडाशय ठेवले तर पाळी थांबते, पण इस्ट्रोजेन चालू राहतं, जरी काही जणींत ते वेळेआधी कमी होत असलं तरी. पण पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले तर हाडांचा राखणदार एका दिवसात जातो. पस्तिशीची बाई हाडांच्या दृष्टीनं थेट पन्नाशीत जाऊन बसते. आणि तिला हे कुणी सांगितलेलंच नसतं. तिच्या हातातल्या कागदावर काय लिहिलंय हे तिला वाचून दाखवलेलं नसतं.

खरं कारण असेल, कॅन्सर असेल, न थांबणारा रक्तस्राव असेल, तर ऑपरेशन करावंच लागतं, त्याला आमचा विरोध नाही. आमचं म्हणणं एवढंच की सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. औषधानं जमेल का? दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ का? अंडाशय ठेवणार की काढणार? आणि ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय त्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधा, आशाताईंकडून किंवा आमच्याकडून वाचून घ्या. दोन्ही अंडाशय पंचेचाळिशीच्या आत काढले असतील, तर हे सरकारी दवाखान्यात सांगून हाडांबद्दल सल्ला घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता उन्हाकडं वळू. आपल्या अंगातलं शंभरातलं नव्व्याण्णव भाग कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेला एक भाग रक्तात आणि मांसात, पण त्याच्यावर हृदयाचं धडधडणं चालतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम कमी झालेलं शरीराला चालत नाही. मानेत, थायरॉइडच्या मागं, डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. पोटातून कॅल्शियम आलं नाही की त्या सांगावा सोडतात, "हाडातून काढा." आपण गटाची बचत मोडतो तसंच. आता, जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते त्वचेवर ऊन पडून बनतं. ड कमी असेल तर गोळी खाऊनही कॅल्शियम बरंचसं शौचावाटे जातं, आणि मानेतल्या ग्रंथी हाडाची बचत रोज मोडत राहतात. गवंडी सळई अंथरत राहतो, पण तिच्यात खडे बसत नाहीत. हाडं मऊ पडतात, मांड्या आणि कंबर ठणकते, उकिडवं बसून उठवत नाही, चाल बदकासारखी होते. या रोगात त्या अल्कलाईन फॉस्फेटेजचा आकडा बहुधा चढलेला दिसतो. गवंडी जीव तोडून काम करतोय, पण सिमेंट धरत नाही.

"आम्ही तर उन्हातच असतो," असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला-तोंडाला स्कार्फ, हातात मोजे. ऊन कपड्याला लागतं, कातडीला लागत नाही. ड बनवणारे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फार कमी असतात, अकरा ते दोनच्या दरम्यान जास्त असतात. म्हणून दुपारच्या भाकरीच्या वेळी बाह्या कोपरापर्यंत वर करून पंधरा-वीस मिनिटं हात आणि पावलं उन्हाला द्या. चक्कर येईल इतकं नको. डॉक्टरांनी ड ची ६० हजार युनिटची पुडी दिली असेल, तर ती बहुतेक वेळा आठवड्याला एक असते. विचारून घ्या. रोज एक घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून विष होतं.

काही सांगावे बाहेरून येतात आणि घात करतात. एक म्हणजे सांधेदुखीवर चटकन आराम देणारी, नाव नसलेली पुडी. आठवडी बाजारात मिळते, कुणी ओळखीचा आणून देतो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. पाकीट असेल तर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन अशी नावं वाचा. स्टेरॉइड काही आजारांत जीव वाचवतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोन् महिने घेतलं तर गवंड्यांना "काम बंद" असा सांगावा जातो, कित्येक गवंडी आणि मुकादम मरतात, हाड पोकळ होतं. पण ऐका, बरेच महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका, त्यानं जिवाला धोका होतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा, ते हळूहळू कमी करतील.

दुसरं म्हणजे पाण्यातलं फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. फ्लोराइड गवंड्यांना भडकवतं. ते भराभर बांधतात, एक्स-रेमध्ये हाड दाट दिसतं, पण खडे वेडेवाकडे बसलेले असतात. हाड जाड होतं आणि तरीही ठिसूळ राहतं, मान आणि पाठ आखडते. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगलं धरतात, आणि दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील, तर ग्रामपंचायतीला पाणी तपासून मागा. हा ग्रामसभेचा विषय आहे, तो आपण गटानं मांडायचा.

हे सांगावे कळल्यामुळंच नवी औषधं निघाली. रँकलला अडवणारं डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन २०१० पासून वापरात आहे, दर सहा महिन्यांनी एक. ज्यांना ते चालू आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. ते मधेच सोडून दिलं तर अडवलेल्या टोळ्या एकदम कामाला लागतात आणि मणके मोडू शकतात. म्हणून सुरू करतानाच विचारा, किती वर्षं, किती पैसे, आणि थांबवायचं झालं तर पुढं कोणतं औषध. स्क्लेरोस्टिनला अडवणारं औषध अमेरिकेत २०१९ साली मान्य झालं. तो शोध त्या आफ्रिकेतल्या कुटुंबांपासून लागला. ते एक वर्षच देतात, आणि नुकताच हार्ट अटॅक किंवा लकवा झालेल्यांना देत नाहीत. मानेतल्या ग्रंथींच्या सांगाव्याचं इंजेक्शनही आहे, टेरिपॅराटाइड. तो सांगावा रात्रंदिवस चालू राहिला तर हाड मोडतो, पण रोज एकदा थोडासा टोचला तर हाड बांधतो. सांगावा तोच, वेळ वेगळी, म्हणून परिणाम उलटा. ही औषधं प्रत्येकीला लागत नाहीत. कुणाला लागतात हे डॉक्टर डेक्सा नावाची तपासणी बघून, वय आणि आधी मोडलेलं हाड बघून ठरवतात. मोफत शिबिरात टाचेला यंत्र लावून "तुमची हाडं खलास" म्हणत कुणी तिथल्या तिथं पावडरचा डबा विकत असेल, तर पैसे काढण्याआधी तपासणीचा कागद घेऊन सरकारी दवाखान्यात दाखवा.

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे.

पहिलं, मुली. मोठेपणी जितकं हाड असतं त्यातला सुमारे पाव हिस्सा पाळी येण्याच्या आगेमागे दोन वर्षांत भरतो. त्या वयात पोरीला "उड्या मारू नको, घरात बस" म्हणू नका. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, झिम्मा-फुगडी, हे सगळे मुकादमाला धाडलेले सांगावेच आहेत. आणि भावाच्या ताटात अंडं असेल तर तिच्याही ताटात पडू द्या.

दुसरं, ताट. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत. तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा, सुकट हे सगळं आपल्या परसातलं आणि बाजारातलं. मोठ्या बाईला दिवसाला सुमारे हजार मिलिग्रॅम लागतं, अंगावर पाजणारीला आणि पाळी गेलेलीला बाराशे. पण सळई विसरू नका. डाळ, उसळ, अंडं, शेंगदाणे रोज पाहिजेत. कॅल्शियमची गोळी सांगितली तेवढीच घ्या, जास्त घेऊन हाड जास्त होत नाही, मुतखडा मात्र होऊ शकतो.

तिसरं, भार. चाळिशीच्या पुढच्या बायकांनी दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटं, भिंतीला हात लावून टाचा वर-खाली करा, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करा, भरभर चाला. यानं तोलही सुधारतो, आणि पडलंच नाही तर मोडणारही नाही. घागर उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. ज्यांचा मणका आधी दबलाय त्यांनी उड्या मारू नयेत, डॉक्टरांना विचारून व्यायाम ठरवावा. न्हाणीत शेवाळ असेल तर आजच घासा, आणि म्हाताऱ्या माणसाला धरायला एक दांडा बसवून घ्या. शस्त्रक्रियेच्या खर्चापुढं दांड्याचा खर्च काहीच नाही.

चौथं, लक्षण. पन्नाशीनंतर साध्या पडण्यानं मनगट मोडलं, उंची दोन बोटं कमी झाली, पाठीला बाक आला, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. ती हाडांची तक्रार आहे. मनगट मोडलेल्या बाईवर नीट उपचार झाले तर तिचा खुबा वाचू शकतो.

पुढच्या बैठकीत वहीला आणखी एक पान जोडा. प्रत्येकीच्या नावापुढं लिहा, पाळी गेली का, पिशवी काढली का, अंडाशय ठेवले का, हाड मोडलंय का, पुडी किंवा स्टेरॉइड चालू आहे का. सांगायचं की नाही, हे ज्या त्या बाईनं ठरवायचं. ते पान गटातच राहील, बाहेर जाणार नाही. ज्यांच्यापुढं दोन खुणा पडतील त्यांची यादी करून आपण सगळ्या मिळून एकाच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जाऊ. एकटी बाई गेली तर तिला गोळ्या देऊन परत पाठवतात. वीस जणी गेल्या तर बसवून ऐकून घ्यावं लागतं. प्रश्न लिहून न्या, एकीनं वाचायचे, दुसरीनं उत्तरं टिपायची.

बैठकीची तारीख गटाच्या अध्यक्षांना विचारून ठेवा. भेटू.